मेल गेला होता

प्रिय धाकट्या,

पाकिटावर माझं नाव वाचूनही तू ते उघडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं या कागदांवर होतंय का ते बघते. अक्षर बिघडलंय, त्याला इलाज नाही. दिवसभर बोटं की-बोर्डवर असतात आणि पेन धरलं की अंगठा दुखायला लागतो. दोन पानांत उरकेन असं ठरवून बसलेय, पण मला मुद्द्यावर यायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे. आई म्हणायची, हिला साखर आणायला पाठवलं तर आधी दुकानदाराच्या सात पिढ्यांची खुशाली घेऊन येईल. तर जरा धीर धर.

आमची खुशाली सांगते. तुझे भाऊजी निवृत्त झाले आणि तेव्हापासून घरातलं एकेक बिजागर काढून परत बसवतायत. आधी न वाजणारी दारं आता वाजतात. तुझी भाची शिकायला लांब गेली. फोनवर दोन वाक्यं बोलते, त्यातलं एक ‘ठेवते’ असतं. मी आहे तशीच आहे, फक्त दमते. रविवारी दुपारभर झोपून उठले तरी सोमवारचा थकवा उशाशी येऊन बसलेला असतो. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं जागच्या जागी आहे म्हणाले. तू बोट सोडलीस आणि किनाऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये लागलास हे मावशीकडून कळलं. लग्न केलंस तेही तिच्याकडूनच कळलं होतं. मला बोलावलं नाहीस. मी तुझ्या जागी असते तर मीही बोलावलं नसतं, पण त्या वेळी मी असं म्हटलं नव्हतं. चार जणांना फोन करून मी काय म्हटलं, ते तुझ्या कानावर आलं असेलच.

मी अजून त्याच कंपनीत आहे. गेली काही वर्षं आम्ही डोळ्यांच्या एका मोठ्या हॉस्पिटलसाठी प्रोग्रॅम लिहितोय. पडद्यावरची बटणं आणि रंग दुसरे लोक करतात. माझं काम त्यामागचं, म्हणजे माहिती कुठे ठेवायची, कुणाला दाखवायची, कुणापासून लपवायची. तुझ्या भाषेत सांगायचं तर मी कायम इंजिनरूममध्ये, डेकवर कधी गेलेच नाही.

त्या हॉस्पिटलात नेत्ररोपणाची प्रतीक्षा यादी असते. डोळ्याचं पुढचं पारदर्शक पटल खराब झालं की माणसाला दिसेनासं होतं. मग मरणानंतर कुणीतरी दान केलेलं पटल तिथे बसवतात. पटलं थोडी आणि माणसं फार, म्हणून यादी. ही यादी वीसेक वर्षं एका बाईंनी सांभाळली. दर तीन महिन्यांनी त्या एकेकाला फोन करायच्या, तब्येत बरी आहे ना, अजून तयार आहात ना, पत्ता बदलला का. त्यांना पेशंट आवाजावरून ओळखू यायचे. त्या निवृत्त झाल्या आणि हॉस्पिटलने ठरवलं, हे काम आता कॉम्प्युटरने करायचं. प्रत्येक पेशंटला स्वतःचं अकाउंट, स्वतःचा पासवर्ड. दर तीन महिन्यांनी एक मेल जाईल, त्यातल्या लिंकवर टिचकी मारून ‘मी तयार आहे’ असं कळवायचं. दहा दिवसांत कळवलं नाही तर पुन्हा एक मेल. त्यालाही उत्तर नाही आलं तर नाव यादीतून बाजूला.

आधी त्या प्रोग्रॅममध्ये अकाउंट हा प्रकारच नव्हता. सगळ्या विभागाचा मिळून एकच पासवर्ड, तो मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला, आणि चिठ्ठी पडली तर म्हणून भिंतीवर पेन्सिलने परत लिहिलेला. तिथून मी सुरुवात केली. खरं सांगते, कंटाळत कंटाळत बसले होते, पण काम आवडलं. पासवर्ड जसाच्या तसा ठेवायचा नसतो, त्याचा असा भुगा करून ठेवायचा असतो की त्यावरून मूळ शब्द कुणालाच, अगदी मलाही, काढता येणार नाही. आणि माणसाने मेलचा पत्ता दिला की तो लगेच खरा मानायचा नसतो. त्या पत्त्यावर एक मेल पाठवायचा, त्यात एक दिवसापुरती चालणारी लिंक ठेवायची, आणि ती उघडली गेली तरच धरायचं की पलीकडे खरोखर हेच माणूस आहे. तोवर ते अकाउंट कच्चं. हे सगळं मी नीट केलं. नव्या पेशंटांसाठी.

प्रश्न जुन्यांचा होता. आमच्या मॅनेजरला आम्ही ‘झालंच’ म्हणतो. कुठल्याही कामाबद्दल विचारलं की तो म्हणतो, “झालंच की, आता काय राहिलंय?” यादीत आधीपासून नऊशे बारा माणसं होती. त्यांचे मेलचे पत्ते वेगवेगळ्या कारकुनांनी वेगवेगळ्या वर्षी कागदी फॉर्मवरून टाइप केलेले. मी म्हटलं, या सगळ्यांना आधी खात्रीचा मेल पाठवू, जे उत्तर देणार नाहीत त्यांना फोन करू. झालंच म्हणाला, “नऊशे लोकांच्या मागे कोण लागणार? पत्ते त्यांनीच दिलेत ना? जुने सगळे पक्के धर. झालंच.” मी एकदा म्हटलं, असं करू नये. तो म्हणाला, पुढच्या सोमवारी सुरू करायचंय. दुसऱ्यांदा मी म्हटलंच नाही. गुरुवारची दुपार होती, जेवण होऊन डोळे जड झाले होते, एसीचा वारा मानेवर येत होता. मी एका ओळीची आज्ञा लिहिली आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं, नऊशे बारा नोंदी बदलल्या. एक सेकंदसुद्धा लागला नाही. मी उठून चहा घ्यायला गेले.

आणखी एक गोष्ट केली होती. असे आपोआप जाणारे मेल ज्या पत्त्यावरून जातात त्यावर ‘उत्तर देऊ नका’ असं लिहिलेलं असतं, तू पाहिलं असशील. त्या पत्त्यालाही एक पेटी असावीच लागते, म्हणून मी ती उघडली. तिची किल्ली कुणाला दिली नाही, स्वतःकडेही नीट ठेवली नाही.

पाचेक महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी हॉस्पिटलमध्ये दुसऱ्याच कामाला गेले असताना काउंटरवरच्या बाईंनी मला खाली बोलावलं. काउंटरसमोर एक गृहस्थ उभे होते. पासष्टीच्या पुढचे, इस्त्रीचा शर्ट, हातात दोरीची फाइल. एका डोळ्यावर दुधाच्या काचेसारखा पांढरा पडदा, दुसरा अर्धा मिटलेला. ते घड्याळजी होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, आता काटासुद्धा दिसत नाही म्हणून दुकान बंद. अडीच वर्षं यादीत होते आणि आपला नंबर कुठवर आला ते विचारायला आले होते. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “मॅडम, यांचं नाव बाजूला पडलंय. हे म्हणतायत मेल आला नाही.”

मी त्यांची नोंद उघडली. दोन मेल, दोन्हींपुढे हिरवी खूण, ‘गेला’. मी मॉनिटर त्यांच्याकडे वळवला आणि म्हणाले, “काका, मेल गेलाय. दोनदा गेलाय. ही बघा तारीख.” ज्याला दिसत नाही त्याला मी बघा म्हणत होते. ते म्हणाले, “गेला असेल, बाई. माझ्याकडे आला नाही.” मग मी माझा तो आवाज काढला. तुला माहीत आहे तो. समोरचा खोटं बोलतोय हे मनात ठरवून झाल्यावर मी फार गोड बोलायला लागते. म्हटलं, काका, घरात कुणी चुकून डिलीट केला असेल, होतं असं. ते म्हणाले, “सून मला रोज फोन वाचून दाखवते. आला नाही.” मागची रांग कुजबुजायला लागली. काउंटरवरच्या बाईंनी नोंद खाली सरकवली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं की दोन महिन्यांपूर्वी यांचा क्रमांक आला होता, नाव बाजूला असल्यामुळे पटल पुढच्या माणसाला गेलं. घड्याळजी म्हणाले, “म्हणजे माझा नंबर येऊन गेला.” त्यांनी फाइलची दोरी चाचपून बांधली, काउंटरवरच्या बाईंचे आभार मानले आणि भिंतीला हात लावत बाहेर गेले.

‘मला आला नाही.’ हे शब्द मी पूर्वी एकदा ऐकले होते, लांबून, मध्येमध्ये तुटणाऱ्या फोनवर. तुला आठवत असणार. पण त्या दिवशी मी तो विचार मनात येऊच दिला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ती ‘उत्तर देऊ नका’ची पेटी उघडली. किल्लीच सापडेना, नवीन करून घ्यावी लागली. आत परत आलेले त्रेसष्ट मेल होते. प्रत्येकाच्या वर समोरच्या मशीनने लिहिलेलं, असा पत्ता अस्तित्वात नाही. त्यात घड्याळजींचे दोन्ही होते, पाठवल्यानंतर मिनिटाभरात परत आलेले. आमच्या प्रोग्रॅममध्ये ‘गेला’ याचा अर्थ एवढाच होता की तो आमच्या हातून सुटला. पुढे कुणाच्या हातात पडला का, हे बघायची सोय मी केलीच नव्हती. हिरवी खूण मात्र केली होती.

मग हॉस्पिटलच्या रेकॉर्डरूममध्ये जाऊन त्यांचा मूळ फॉर्म काढायला लावला. घड्याळजींनी तो दिसत होतं तेव्हा स्वतःच्या हाताने भरलेला. अक्षर बारीक, सरळ, एकेक अक्षर सुटं. पत्ता बरोबर होता. टाइप करताना आमच्याकडच्या कुणीतरी मधलं एक अक्षर गाळलं होतं. खात्रीचा मेल पाठवला असता तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं. मी त्या रेकॉर्डरूममधल्या लोखंडी स्टुलावर बसून राहिले. तिथला माणूस म्हणाला, “मॅडम, पाणी देऊ का?” मी म्हटलं, नको, आणि मग प्यायले.

त्रेसष्ट मेल म्हणजे अडतीस माणसं निघाली. तेरा जणांचा पत्ता दुसरा मेल जायच्या आत कुठल्यातरी कारणाने दुरुस्त झाला होता, पंचवीस जणांचे दोन्ही वेळचे मेल परत आले होते. त्यातल्या अकरा जणांनी योगायोगाने मधेच हॉस्पिटलला येऊन चौकशी केली होती म्हणून त्यांची नावं राहिली. उरलेले चौदा बाजूला पडले होते, आणि त्यातल्या दोघांचा क्रमांक येऊन गेला होता. झालंचला सांगितलं. तो म्हणाला, “रिपोर्टमध्ये लिही, पेशंटने दिलेला पत्ता चुकीचा. झालंच.” या वेळी मी दुसऱ्यांदाही ‘नाही’च म्हटलं. अमुक तारखेला जुने पत्ते न तपासता पक्के धरण्याची आज्ञा मी स्वतः चालवली, असं लिहून खाली सही केली आणि कागद घेऊन यादीच्या मुख्य डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता तोफ सुटणार. त्यांनी एवढंच विचारलं, “चौदा जणांना फोन कोण करणार?” मी म्हटलं, मी करते. त्या कामावरून मला काढलं नाही, ते करायला दुसरं कुणी नाही म्हणून.

दोन दिवस बसून फोन केले. एकाने मी काहीतरी विकतेय असं समजून तीनदा फोन आपटला, चौथ्यांदा त्याच्या बायकोने घेतला. एक आजी मात्र अजून डोक्यातून जात नाहीत. त्यांना सांगितलं की तुमचं नाव आमच्या चुकीने बाजूला पडलं होतं, ते परत जागेवर घेतलंय. त्या म्हणाल्या, “मला वाटलं आता माझं वय झालं, म्हणून तुम्हीच काढलं असेल. म्हणून विचारायला आले नाही.” मी म्हटलं, नाही हो आजी. त्या मलाच धीर द्यायला लागल्या.

घड्याळजींचा नोंदवलेला फोन नंबर दुकानाचा होता, तो बंद. म्हणून घरी गेले. दोन खोल्यांचं घर, जिना अरुंद, भिंतीवर सात-आठ घड्याळं आणि सगळी बरोबर चालणारी. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांच्या हातून चूक झाली नव्हती, आमच्याकडून एक अक्षर गळलं, मेल परत आला, तो कुणी पाहिला नाही, न पाहणारी मी. वाटलं होतं चिडतील, मी तशी तयारी करून गेले होते. त्यांनी विचारलं, “मग आता माझा नंबर कधी?” मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी तुमची जुनी जागा परत दिलीय, पुढचं जुळणारं पटल तुम्हाला. त्यांनी मान हलवली. मग आवाज खाली करून म्हणाले, “एक काम कराल का? हेच जरा माझ्या सुनेला सांगा. घरात सगळ्यांना वाटतंय, मेल आला असणार आणि मीच काहीतरी बटण दाबून घालवला. बोलत नाही कुणी, पण वाटतंय. आता आता तर मलापण तसंच वाटायला लागलं होतं.”

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात ओले. तिला मी परत पहिल्यापासून सांगितलं. ती सासऱ्यांकडे बघून पदराला हात पुसत राहिली, आणि मग आत जाऊन रडली. आवाज आला. घड्याळजी म्हणाले, “बसा, चहा घ्या,” आणि मी नको म्हणून निघाले. जिना उतरायला लागले. काउंटरवरच्या त्या दिवसापासून तो माणूस स्वतःच्या घरात खोटारडा ठरून जेवत होता, आणि मी माझ्या एका माणसाला सहा वर्षं तसंच ठेवलंय, हे तिसऱ्या पायरीवर माझ्या लक्षात आलं.

दोन आठवड्यांपूर्वी त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली, उजेड आणि माणसांचे आकार दिसतात. नीट दिसायला वर्ष जाईल म्हणतात, आणि बारीक काम जमेल की नाही ते कुणी सांगत नाही. दुसरा माणूस, ज्याचा क्रमांक आमच्यामुळे गेला, तो अजून वाट बघतोय.

आता तुझ्याकडे येते. जिना उतरले त्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी, भाऊजी बिजागर शोधायला बाहेर गेलेले असताना, मी माझा स्वतःचा मेल उघडला आणि सहा वर्षं मागे गेले. आई हॉस्पिटलमध्ये होती तो आठवडा. तू भर समुद्रात, तुझा फोन बंदर लागल्याशिवाय चालत नव्हता, कंपनीच्या मेलवरून निरोप बोटीवर जायचा एवढाच रस्ता. मंगळवारी दुपारी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून मी तुला लिहिलं, आई सीरियस आहे, जमेल तिथून ये. तो मेल सापडला. वरचा पत्ता वाचला. तुझ्या जुन्या कंपनीचा. त्याच्या चार महिने आधीचा तुझा मेलही सापडला, ‘ताई, कंपनी बदलली, आता या पत्त्यावर लिही’, आणि खाली माझं उत्तर, ‘बरं’. मी तुझी पहिली दोन अक्षरं टाइप केली असतील आणि मशीनने सवयीने जुना पत्ता भरला असेल. मी वर बघितलंही नसेल. तू एकोणीस दिवसांनी बंदरावरून फोन केलास आणि म्हणालास, “ताई, मला कळवलं का नाहीस? मला काहीच आलं नाही.” मी म्हटलं, “मेल गेला होता. मी स्वतः पाठवला. निदान खोटं तरी बोलू नकोस.” आणि मावशीला, दोन्ही मामांना, जो भेटेल त्याला सांगत सुटले की त्याला कळवलं होतं, तो आला नाही. मावशीला आणि मामांना मी गेल्या आठवड्यात एकेकाला फोन करून खरं काय ते सांगितलं. मावशी म्हणाली, “आता त्याला सांग, मला काय सांगतेस.” हे पत्र तुझ्या बायकोलाही वाचायला दे. तिने मला पाहिलं नाही आणि माझ्याबद्दल तिचं जे मत असेल ते बदलण्यासाठी मी म्हणत नाही. तुझ्याबद्दल कुणी तिला काही सांगितलं असेल तर ते खोडलं जावं, एवढ्यासाठी.

चुकीचा पत्ता एवढंच असतं तर कदाचित मी फोन केला असता. पण त्या मेलखाली अकरा मिनिटांनी परत आलेला मेल होता, असा पत्ता अस्तित्वात नाही म्हणणारा, आणि तो उघडलेला आहे. न वाचलेले मेल ठळक अक्षरात दिसतात, हा तसा नाही. कधी उघडला ते मशीन सांगत नाही. मला आठवत नाही, धाकट्या, आणि या ‘आठवत नाही’चा आडोसा घ्यायला मी हे लिहीत नाहीये. नर्सने हाक मारली म्हणून नंतर बघू असं झालं असेल. किंवा वाचला असेल, कळला असेल, आणि तुझ्या कंपनीच्या ऑफिसला फोन करण्याइतकंही त्राण नसेल. किंवा, हे लिहायला मला दोन दिवस लागले, मी एकटी सगळं करतेय आणि तू नाहीस, याचं कुठेतरी बरं वाटत असेल. तेव्हा आई जायला अजून पाच दिवस होते. तुझ्या त्या बंदरावरच्या फोनवर मी तुला आणखी एक गोष्ट सांगितली, ती तुला शब्दन् शब्द आठवत असेल, कारण त्यानंतर तू फोन ठेवलास आणि आपण परत बोललो नाही. मी म्हटलं होतं, आईने शेवटी तुझं नावसुद्धा काढलं नाही. ते खरं नव्हतं. दार वाजलं की ती विचारायची, तो आला का. मी म्हणायचे, कळवलंय. शनिवारी संध्याकाळी मी चिडून म्हटलं, कळवून चार दिवस झाले, यायचं असतं तर आला असता. ती म्हणाली, “बोटीवरून कसा येईल गं लगेच. त्याला रागावू नकोस.” रविवारी सकाळी तिला नीट बोलता येत नव्हतं, पण तुझं नाव कळत होतं. दोनदा घेतलं. मी शेजारी होते, मी ऐकलं. सहा वर्षं ते माझ्याकडे पडून होतं, आणि ते तुझं होतं.

हा शब्द लिहायचा हक्क अजून असेल तर, तुझीच

ताई